दैव, योगायोग आणि पुरुषकार

(देवस्थानच्या वार्षिक उत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



माणसाच्या वाट्याला येणाऱ्या बऱ्यावाईटासाठी मराठी भाषेत जितके शब्द आहेत, तितके दुसऱ्या एखाद्या विषयासाठी क्वचितच सापडतील. दैव, नशीब, भाग्य, प्रारब्ध, संचित, भोग, विधिलिखित, ललाटरेषा, ग्रहदशा, योग, योगायोग. घरात सून आली आणि त्याच वर्षी यजमानांना बढती मिळाली, की तो तिचा पायगुण ठरतो. दुकान बुडाले की तो साडेसातीचा फेरा. मुलगा परीक्षेत पहिला आला तर त्याचे कष्ट, शेजाऱ्याचा आला तर त्याचे नशीब. म्हणीही परस्परांशी भांडतात. ‘दैव देते नि कर्म नेते’ म्हणणारेच तोंड दुसऱ्या दिवशी ‘प्रयत्नांती परमेश्वर’ म्हणते, आणि त्यात कोणालाही विसंगती जाणवत नाही.

वस्तुतः हे शब्द समानार्थी नव्हेत. त्यांच्या मुळाशी तीन निरनिराळ्या कल्पना आहेत. जे घडते ते सारे आधीच ठरलेले आहे, ही पहिली. तिला नियती म्हणावे. काही गोष्टी कोणाच्याही हेतूशिवाय, सहज घडून येतात, ही दुसरी; तिला जुना शब्द यदृच्छा, आजचा योगायोग. आणि माणसाला मिळते ते त्याच्या कृतीचे फळ होय, ही तिसरी, हे कर्म. या तिन्ही कल्पना एकाच ‘नशीब’ या पिशवीत कोंबल्या म्हणजे विचाराचा गोंधळ होतो, आणि त्या गोंधळाची किंमत बहुधा दुसऱ्याच कोणाला तरी भरावी लागते. म्हणून उत्सवाच्या या मंगल प्रसंगी हा विषय थोडा उलगडून पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

हा प्रश्न आजचा नाही. श्वेताश्वतर उपनिषदाच्या आरंभीच ब्रह्मवादी विचारतात की, जगाचे कारण कोणते मानावे: काल, स्वभाव, नियती, यदृच्छा, पंचमहाभूते की पुरुष? म्हणजे योगायोग हा जगाच्या कारणांपैकी एक असू शकेल, ही शंका इतक्या प्राचीन काळी या भूमीत उघडपणे मांडली गेली होती. बुद्धाच्या काळी मक्खली गोसाल या आजीवक आचार्याने दुसरे टोक गाठले. प्राण्यांच्या सुखदुःखाला हेतू नाही, प्रयत्नाला अर्थ नाही, सुताची गुंडी फेकली असता ती उलगडत जावी तसा प्रत्येक जीव आपला ठरलेला प्रवास पुरा करतो, असे त्याचे मत होते. बुद्धाने ज्या मतांवर कठोर टीका केली त्यांत हे मत अग्रभागी आहे. कारण प्रयत्नच खोटा ठरला, तर सदाचारालाही आधार उरत नाही. बुद्धाचा हा विचार मराठी वाचकांपुढे साधार मांडणारे धर्मानंद कोसंबी हे गोव्याच्या साखवाळचे. त्यांचा जन्म 1876 चा.

स्मृतिकारांनी मध्यम मार्ग स्वीकारला. याज्ञवल्क्य स्मृतीत राजधर्म सांगताना म्हटले आहे की, एका चाकावर रथ चालत नाही, तसे पुरुषकारावाचून दैव सिद्धीस जात नाही. योगवासिष्ठ याच्याही पुढे जाते. त्याच्या मते दैव म्हणजे पूर्वीचाच पुरुषार्थ. कालचा प्रयत्न आणि आजचा प्रयत्न हे दोन एडके एकमेकांशी टकरा घेतात आणि त्यांतील बलवान जिंकतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या क्रिया आणि पाचवे दैव. येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. दैवाला स्थान आहे, परंतु ते पाचांतील एक आहे आणि शेवटचे मोजले आहे. माणसे मात्र बोलताना पहिली चार गाळतात आणि पाचव्यावर सारा भार टाकतात.

लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले. ते लिहिले गेले ते ठिकाणही ध्यानात ठेवावे. 1908 मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि टिळकांची रवानगी मंडालेच्या तुरुंगात झाली. तुरुंग कोणता, किती वर्षे, हवा कशी, हे त्यांच्या हाती नव्हते. त्या कोठडीत बसून काय करावे, एवढे मात्र हाती होते. 1915 मध्ये प्रसिद्ध झालेला तो ग्रंथ म्हणजे आपल्या विषयाचा सिद्धांत आणि दृष्टांत दोन्ही एकाच जागी आहे.

आता योगायोगाकडे वळू. योगायोगालाही काही नियम असतो, हे माणसाला प्रथम जुगाराच्या पटावर उमगले. ऋग्वेदात जुगाऱ्याच्या विलापाचे एक संपूर्ण सूक्त आहे. महाभारताच्या वनपर्वातील नलाख्यान तर सर्वांच्या परिचयाचे. द्यूतात राज्य गमावलेला नल बाहुक हे नाव घेऊन ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. परंतु त्या कथेतील एक प्रसंग बहुधा कीर्तनात घाईने आटोपला जातो. रथ धावत असता ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे पाहतो आणि त्याच्या दोन फांद्यांवर किती पाने व किती फळे आहेत ते सांगतो. फळांचा आकडा दोन हजार पंच्याण्णव. नलाला विश्वास वाटत नाही. तो रथ थांबवून फळे मोजतो. संख्या बरोबर निघते. मग ऋतुपर्ण त्याला सांगतो की, ही विद्या आणि फाशांचे रहस्य यांचा संबंध आहे. नल ते अक्षहृदय शिकून घेतो आणि त्याच क्षणी कली त्याच्या देहातून बाहेर पडतो. ज्या फाशांनी नलाला रानात धाडले, त्या फाशांचे गणित कळताच कलीला त्याच्या ठिकाणी थारा उरला नाही, असे कथाकाराला सुचवावयाचे असावे. दुर्दैवावरचा उतारा म्हणून येथे मोजणी सांगितली आहे, हे विसरता कामा नये.

युरोपात हेच गणित 1654 मध्ये पास्काल आणि फर्मा या दोन फ्रेंच पंडितांच्या पत्रव्यवहारातून आकारास आले. अर्ध्यावर मोडलेल्या डावातील पैज खेळाडूंनी कशी वाटून घ्यावी, एवढाच त्यांचा प्रश्न होता. याकोब बर्नुली याच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या 1713 च्या ग्रंथात असे सिद्ध झाले की, नाणे एकदा उडविले तर काय पडेल ते सांगता येत नाही, पण हजारो वेळा उडविले तर छाप आणि काटा यांचे प्रमाण ठरावीक मर्यादेत येऊन स्थिरावते. एकाचे अनिश्चित, समूहाचे निश्चित.

या तत्त्वाचा एक सुंदर उपयोग गोव्याच्याच एका सुपुत्राने करून दाखविला. धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर कोसंबी यांचा जन्म 1907 मध्ये गोव्यात झाला. गणिती असलेल्या या विद्वानाने तक्षशिलेच्या उत्खननात सापडलेली चांदीची आहत नाणी तराजूवर घातली. नाणे हातोहात फिरते तसे ते झिजते. एखादे विशिष्ट नाणे कोणाच्या कमरेला वर्षानुवर्षे पडून राहील आणि कोणते दररोज बाजारात फिरेल, हा निव्वळ योगायोग. परंतु नाण्यांचे मोठे समूह घेतले, तर जितका काळ अधिक, तितके सरासरी वजन कमी. या झिजेवरून त्यांनी नाण्यांचा कालानुक्रम लावला. एकेका नाण्याचे नशीब अज्ञात राहिले. समूहाचा इतिहास मात्र बोलू लागला. समाजाकडे पाहतानाही ही दृष्टी उपयोगी पडते. एखाद्या घरात मूल दगावले तर तो योगायोग असू शकेल. एखाद्या वाड्यावर वर्षानुवर्षे मुले दगावत असतील, तर विहिरीचे पाणी तपासले पाहिजे. तेथे प्रारब्धाचे नाव घेणे हा केवळ आळस होय.

विज्ञानाने नियतीचा पुरस्कार केला नाही काय? केला. 1814 मध्ये लाप्लास याने लिहिले की, एखाद्या अफाट बुद्धीला एका क्षणी विश्वातील सर्व बळे आणि सर्व वस्तूंची स्थाने ठाऊक झाली, तर तिला भूत आणि भविष्य सारखेच स्पष्ट दिसेल. शंभर वर्षे या कल्पनेचा दबदबा राहिला. पुढे तिला दोन बाजूंनी तडा गेला. 1927 मध्ये हायझेनबर्ग याने दाखविले की, अतिसूक्ष्म कणाचे स्थान आणि त्याचा संवेग ही दोन्ही एकाच वेळी हवी तितकी अचूक ठरविता येत नाहीत. दुसरा तडा अधिक नवलाचा आहे. 1961 मध्ये अमेरिकेतील हवामानतज्ज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यंत्रगणकावर हवेचे गणित मांडीत होता. एक गणित पुन्हा करताना त्याने 0.506127 या आकड्याऐवजी 0.506 एवढाच आकडा भरला. नियम तेच, यंत्र तेच. परंतु काही काळाने दोन्ही उत्तरांत कसलेही साम्य उरले नाही. म्हणजे नियम पूर्णपणे ठरलेले असूनही आरंभीच्या सूक्ष्म फरकामुळे दूरचे भाकीत अशक्य होऊ शकते. सारे ठरलेले असणे आणि सारे आधी सांगता येणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा धडा भविष्य सांगणाऱ्याने आणि विचारणाऱ्याने, दोघांनीही घ्यावा असा आहे.

भविष्याची गोष्ट निघाली म्हणून एक प्रयोग सांगितला पाहिजे. पुण्यात डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा जमवून त्यांच्या पत्रिका तयार केल्या, आणि त्यांतील चाळीस-चाळीस पत्रिका ज्योतिषांना देऊन कोणती कोणत्या गटातील हे ओळखण्यास सांगितले. 27 ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरी सुमारे 46 टक्के निघाले. नाणे उडवून उत्तरे दिली असती तर 50 टक्क्यांच्या आसपास निघाले असते. पत्रिका न जुळल्यामुळे ज्यांचा विवाह वर्षानुवर्षे रखडतो, अशा मुली अनेक महाजन घरांत आहेत. त्यांच्या आईवडिलांनी हा आकडा एकदा शांतपणे मनात घोळवावा.

येथे कोणी विचारील की, मग देवळातील कौलाचे काय? गोमंतकातील मंदिरांत देवाला पाकळ्या लावून प्रसाद मागण्याची परंपरा प्राचीन आहे. उजवा झाला तर होकार, डावा झाला तर नकार. या प्रथेमागे श्रद्धा आहे आणि तिचा आदर राखूनच बोलले पाहिजे. प्रथम तिचा गुण पाहावा. दोन भावांत वाटणीचा तंटा आहे, दोन्ही वाटे सारखेच आहेत आणि कोणी हटत नाही. अशा वेळी उभयतांना मान्य अशा निःपक्ष निर्णयाने घर वाचते. बुद्धी जेथे दोन्ही पारडी समान दाखविते, तेथे निर्णय देवावर सोपविण्यात शहाणपण आहे आणि नम्रताही आहे.

परंतु कौलाच्या कथा ऐकताना गणिताचे भान सोडू नये. उजवा आणि डावा यांची शक्यता समसमान धरली, तर लागोपाठ पाच वेळा उजवा प्रसाद मिळण्याची शक्यता बत्तिसांत एक. म्हणजे बत्तीस कुटुंबांनी पाच-पाच वेळा विचारले, तर सरासरीने एका कुटुंबाला पाचही वेळा उजवा मिळेल. ते कुटुंब ही हकीकत तीन पिढ्या सांगेल. उरलेली एकतीस कुटुंबे काहीच सांगणार नाहीत, कारण सांगण्यासारखे त्यांच्यापाशी काही नसते. कानावर येते ती एकच कथा. देवाच्या महतीला या गणिताने बाध येत नाही; बाध येतो तो आजारी माणसाला वैद्याकडे नेण्याआधी प्रसादाची वाट पाहत बसण्याच्या सवयीला. देवाने बुद्धी दिली ती वापरण्यासाठीच, आणि जी गोष्ट तपासून कळते ती देवाला विचारणे म्हणजे त्या देणगीचा अव्हेर करणे होय.

आता महाजनपणाकडे वळू. सोळाव्या शतकात साष्टी आणि तिसवाडी येथील मंदिरांवर संकट कोसळले, हा इतिहास येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा अशी दैवते नदीपार अंत्रुज महालात आणली गेली. झुआरीच्या या तीरावर पोर्तुगीजांचा अंमल, त्या तीरावर आदिलशाहीचा. मंगेशाने, शांतादुर्गेने जो प्रवास केला तो काही कोसांचा. पण त्या काही कोसांनी शतकांचा इतिहास ठरविला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फोंडा महाल पोर्तुगीजांकडे गेला, तोवर त्यांचे धोरण पालटले होते आणि मंदिरे सुरक्षित राहिली.

यात नियती किती, योगायोग किती आणि पुरुषकार किती? नदी तेथे असणे, राज्याची सीमा तिच्यावरून जाणे, हा योगायोग. रात्रीच्या अंधारात मूर्ती होडीत घालणाऱ्यांचे धैर्य हा पुरुषकार. परंतु जे पार गेले नाहीत, त्यांच्यात धैर्य नव्हते असे म्हणता येईल काय? कोणाची आई अंथरुणाला खिळलेली असेल, कोणाचे शेत कापणीला आलेले असेल, कोणापाशी होडीचे भाडे नसेल. मागे राहिलेल्यांपैकी अनेकांनी धर्म बदलला आणि त्यांचे वंशज त्याच गावात आज ख्रिस्ती म्हणून नांदतात. पार गेलेल्यांचे वंशज आज मंगळूर, कारवार, कोची आणि मुंबईपर्यंत पसरले आहेत. एकाच घरातील दोन भावांच्या वंशजांत आज जे अंतर आहे, ते कदाचित एका रात्रीच्या भरतीओहोटीने पडले असेल. हे ज्याच्या ध्यानात आले, त्याच्या मनात कुळाचा अभिमान राहील, पण दुसऱ्याविषयी तुच्छता राहणार नाही.

महाजनाचा हक्क हा जन्माने मिळतो. 1933 च्या देवस्थान नियमावलीने महाजनांच्या अधिकाराला कायद्याची चौकट दिली. परंतु त्या यादीत आपले नाव असावे म्हणून कोणत्याही अर्भकाने कष्ट केलेले नसतात. आणि याच मंदिरांच्या आवारात दुसरेही जन्म होत होते. देवळी, भाविणी, कलावंत या घरांत जन्मलेल्या मुलांना सांगितले जाई की, देवाची ही सेवा तुमच्या प्रारब्धात लिहिली आहे. लिहिणारे कोण होते? ती समाजव्यवस्था होती आणि तिच्या शिखरावर महाजन होते. हे बोलणे उत्सवाच्या दिवशी कडू लागेल. तरी ते खरे आहे.

ते प्रारब्ध त्या समाजाने स्वतः पुसले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत त्यांनी संघटना उभारल्या, मुलांना शाळेत घातले, जुन्या विधींना नकार दिला. या लढ्यातील अग्रणी राजाराम पैंगीणकर यांचे ‘मी कोण?’ हे आत्मचरित्र 1969 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे नावच या विषयावरचे सर्वांत थोडक्यातले भाष्य आहे. 1963 मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकर याच समाजातले. अंत्रुज महालातील केरी येथे 1892 मध्ये जन्मलेल्या केसरबाई केरकर यांनी अल्लादियाखाँ यांच्यापाशी दीर्घ तालीम घेतली. 1977 मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर मानवजातीच्या आवाजांची जी तबकडी अंतराळात गेली, तीत त्यांनी गायिलेली ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. जगातील असंख्य ध्वनिमुद्रिकांतून ती निवडली जावी, यात योगायोगाचा भाग नाकारता येणार नाही. परंतु निवडण्याजोगा सूर तेथे असणे हा योगायोग नव्हता. ती अनेक वर्षांची तपश्चर्या होती. आणि अशा किती केरकर शाळेचे तोंड न पाहता, गुरूची तालीम न मिळता मावळल्या असतील, त्यांची नावे कोणत्याही तबकडीवर नाहीत.

एवढ्या विवेचनातून काही आचार निष्पन्न होतो तो असा. स्वतःच्या यशाचा हिशेब मांडताना माणसाने दैवाचा वाटा मोठा धरावा. जन्मलेले घर, भेटलेला गुरू, टळलेला अपघात हे सारे त्यात येते. त्याने अहंकार उतरतो आणि देण्याची बुद्धी होते. स्वतःच्या पुढील कर्तव्याचा हिशेब मांडताना पुरुषकाराचा वाटा मोठा धरावा; त्याने हात कामाला लागतात. आणि दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब मुळी मांडूच नये. तरुण मुलगा गमावलेल्या आईसमोर प्रारब्धाचे तत्त्वज्ञान सांगणारा माणूस तिचे सांत्वन करीत नाही. आपल्या घरी असे होणार नाही, अशी स्वतःची समजूत तो घालीत असतो. तेथे गप्प बसावे, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जेवणाचा डबा पोचवावा.

सामान्य माणूस उत्पन्नातून चार पैसे विम्यासाठी काढतो, त्यामागे हाच विचार आहे: आघात कोणावर होईल ते ठाऊक नाही, पण कोणावर तरी होणार, म्हणून सर्वांनी मिळून तो सोसावा. देवस्थानची विद्यार्थीसाहाय्य आणि वैद्यकीय साहाय्य ही कार्ये म्हणजे याच तत्त्वाचे धर्मरूप होय. शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलावर उपकार होतात असे समजण्याचे कारण नाही. एका घरावर जे बेहिशेबी बरसले, त्यातला थोडा भाग ज्या घरावर बरसले नाही तिकडे वळविणे, एवढाच त्याचा अर्थ. आणि तो वळविताना त्या मुलाचे नाव महाजनांच्या यादीत आहे की नाही, हे पाहण्याची आता वेळ उरलेली नाही. मंदिराच्या आवारात वावरलेल्या प्रत्येक घराचा त्यावर हक्क आहे.

देवापुढे गाऱ्हाणे घालताना सर्वांचे बरे कर, असे म्हणण्याची येथील रीत आहे. त्या गाऱ्हाण्यात कोणाचे प्रारब्ध काय आहे, अशी चौकशी नसते. ती रीत गाभाऱ्याबाहेरही पाळली जावो, हीच श्रीचरणी प्रार्थना.